समुद्रास लावलेलीं दारें

सन १९५३ च्या जानेवारीची ३१ तारीख शनिवारची होती. हॉलंड देशाच्या नैर्ऋत्येस झीलंड म्हणून प्रांत आहे, तेथें त्या दिवशीं संध्याकाळपासून वारा फार होता. पण समुद्राकांठच्या माणसांस वाऱ्याचें नवल तें काय? बायकांनीं खिडक्या ओढून घेतल्या, शेतकऱ्यांनीं गुरें गोठ्यांत बांधलीं आणि दुसऱ्या दिवशीं रविवार, सकाळीं प्रार्थनामंदिरांत जावयाचें, म्हणून मंडळी वेळेवर निजली. हवामानखात्यानें धोक्याची भरती येत असल्याची सूचना दिली नव्हती असें नाहीं. ती दिली होती. परंतु त्या काळीं तेथील आकाशवाणी मध्यरात्रीं बंद होत असे, आणि सुटीच्या रात्रीं आलेल्या तारा वाचावयास अनेक कचेऱ्यांत कोणी हजर नव्हतें. पहाटेस बांध फुटले. ज्यांस जाग आली ते माळ्यावर चढले, माळ्यावरून छपरावर गेले. ज्यांस आली नाहीं त्यांविषयीं काय लिहावें? त्या पुरांत हॉलंडांतील १,८३६ माणसें दगावलीं. औडे-टोंगे या एका खेड्यांतच ३०५ बळी पडले. सुमारें ७२,००० लोकांस गांव सोडून जावें लागलें. त्याच रात्रीं पलीकडे इंग्लंडच्या पूर्वकिनाऱ्यावर ३०७ माणसें बुडालीं.

ही कथा आम्ही आज सांगत आहों ती हळहळ वाटावी म्हणून नव्हे. त्या एका रात्रीनें मनुष्यास समुद्रास दार लावण्याची विद्या शिकविली. ती विद्या कशी उभी राहिली, तिनें काय साधलें आणि कोठें तिचे हात टेकले, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम, समुद्र असा अवचित चढतो कसा, हें पाहूं. आमच्या कोंकणांतील वाचकांस उधाण म्हणजे काय तें सांगावयास नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेंत येते आणि भांगाच्या भरतीपेक्षां पाणी पुष्कळ वर येतें. हें पंचांग पाहून वर्षभर आधीं सांगतां येतें. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. वादळी भरतीची जात निराळी. वादळाच्या पोटांत हवेचा दाब कमी होतो आणि हवेचा भार जेथें हलका झाला तेथें समुद्र फुगतो. एक मिलिबार दाब उतरला कीं पाणी सुमारें एक सेंटिमीटर चढतें. पण हा भाग थोडा. खरें काम वाऱ्याचें. उथळ समुद्रावर तासन् तास एकाच दिशेनें वारा वाहिला म्हणजे तो पाणी पुढें लोटतो, आणि लोटलेल्या पाण्यास खालून माघारें फिरण्यास पुरेशी खोली नसली कीं तें किनाऱ्यावर चढत जातें. उत्तर समुद्राचा आकार तर नरसाळ्यासारखा आहे. वर रुंद व खोल, खालीं इंग्लंड व हॉलंड यांच्यामध्यें निरुंद व उथळ. त्या रात्रीं वारा वायव्येकडून, म्हणजे नरसाळ्याच्या तोंडांतून, वाहत होता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली असल्यामुळें उधाणही तेव्हांचेंच. दोहोंची गांठ पडली आणि फ्लशिंग बंदरांत पाणी आम्स्टरडॅमच्या प्रमाणपातळीच्या वर ४.५५ मीटरांपर्यंत गेलें.

हें कोणास ठाऊक नव्हतें असेंही म्हणतां येत नाहीं. योहान व्हान फेन या नांवाचे एक इंजिनियर तेथील सरकारी बांधकाम खात्यांत होते. बांधांची उंची जुन्या पुरांच्या खुणा पाहून ठरविलेली आहे, त्याहून मोठा पूर येणें मुळींच अशक्य नाहीं, आणि पुष्कळ बांध आजच अपुरे आहेत, असें ते वर्षानुवर्षें कागदोपत्रीं मांडीत होते. महायुद्धानें देश पिळून निघाला होता. तिजोरींत पैसा नव्हता. अहवाल दप्तरांत राहिले. ग्रीक पुराणांत कॅसँड्रा नांवाची एक राजकन्या आहे. तिला भविष्य अचूक दिसे, पण तिच्यावर विश्वास कोणी ठेवूं नये असा तिला शाप होता. व्हान फेन यांनीं आपणांस टोपणनांव घेतलें तें हेंच! झीलंडमधील खाड्यांचीं मुखें बंद करण्याची त्यांची योजना वरिष्ठांपुढें गेली ती १९५३ च्या जानेवारीच्या २९ तारखेस, आणि पूर आला तो त्यानंतर तिसऱ्या रात्रीं.

पुराच्या रात्रींचा आणखी एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण पुढील साऱ्या विद्येचें बीज आम्हांस त्यांत दिसतें. हॉलंडशे आयसेल नांवाच्या नदीच्या कांठचा बांध पहाटे फुटूं लागला. या बांधाच्या आड समुद्रसपाटीखालची अफाट भूमि व तींत लाखों माणसांची वस्ती. गांवच्या नगराध्यक्षांनीं नदींतील एक मालवाहू होडी ताब्यांत घेतली आणि तिचा मालक अरी एव्हेग्रून यास भगदाडांत होडी घालावयास सांगितलें. होडीचा मालक म्हणजे ज्याचा संसार त्याच होडीवर! त्यानें नाळ बांधांत रुतविली. प्रवाहानें होडीचा मागला भाग आपोआप फिरविला आणि दार मिटावें तशी ती भगदाडावर आडवी बसली. पाणी थांबलें. त्या जागीं आज स्मारक आहे. ‘काठावर उभें राहिलेलें नाणें’ अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. पुढें हॉलंडनें जें पहिलें वादळदार बांधलें, तें याच नदीवर, १९५८ सालीं, क्रिंपेन गांवापाशीं. दोन बुरुजांमध्यें ८० मीटर रुंदीचा पोलादी पडदा टांगलेला. एरवीं खालून नावा जातात, वादळ आलें कीं पडदा खालीं येतो.

फुटलेले बांध बुजविण्यास नोव्हेंबर उजाडला. शेवटचें भगदाड औवेरकर्क येथें काँक्रीटच्या अवाढव्य पेट्या बुडवून बंद केलें. त्या पेट्या नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळीं तरतें बंदर करण्यासाठीं बनविलेल्या जातीच्या होत्या. त्या चार पेट्यांच्या पोटांत आतां पुराचें संग्रहालय आहे. पण तेवढ्यावर न थांबतां, पूर येऊन तीन आठवडे होतात न होतात तोंच सरकारनें एक समिति नेमली आणि तिच्या चिटणीसपदीं बसविलें तें व्हान फेन यांसच.

समितीपुढें पहिला प्रश्न असा: बांध उंच करावयाचे तर किती? आमच्या समजुतीनें या सर्व इतिहासांत याहून मोठा प्रश्न दुसरा नाहीं. ‘मागील पुराहून हातभर अधिक’ हें उत्तर शेंकडों वर्षें चालत आलें होतें, आणि तेंच खोटें ठरलें होतें. व्हान डान्ट्सिख नांवाच्या गणितज्ञानें हा प्रश्न घरच्या हिशेबासारखा मांडला. बांध जों जों उंच करावा तों तों खर्च वाढतो. पण तों तों पुरानें होणाऱ्या हानीची शक्यताही घटते. दोहोंची बेरीज ज्या उंचीस सर्वांत कमी होते, ती उंची योग्य. या व अशा विचारांती देशाच्या मध्यभागासाठीं एक माप ठरलें: वर्षाकाठीं दहा हजारांत एक, इतकीच शक्यता असणारा पूरही अडला पाहिजे. या मापाचा अर्थ पुष्कळांस नीट कळत नाहीं. दहा हजार वर्षांतून एकदां, म्हणजे एकदां पूर येऊन गेल्यावर पुढील दहा हजार वर्षें स्वस्थ निजावें, असें नव्हे. दरसाल दहा हजार चिठ्ठ्यांतून एक उचलावयाची आणि त्यांतली एक चिठ्ठी काळी. गेल्या वर्षीं ती निघाली म्हणून यंदां ती पेटींतून नाहींशी होत नाहीं. माणसाच्या जिवाचें मोल या हिशेबांत कसें धरावें, ही शंका वाचकांस येईल. ती त्या गणितज्ञासही आली होती, आणि केवळ पैशांत तें मोल होत नाहीं याची त्यास जाणीव होती.

दुसरा प्रश्न: शेंकडों मैल लांबीचे जुने बांध उचलीत बसण्यापेक्षां खाड्यांचीं मुखेंच बंद केलीं तर? त्यानें समुद्राशीं तोंड देणारा किनारा सुमारें ७०० किलोमीटरांनीं आंखूड होणार होता. १९५८ सालीं तसा कायदाच झाला. रॉटरडॅमकडे व आँटवर्पकडे जाणारे दोन जलमार्ग तेवढे उघडे ठेवावयाचे, बाकीच्या खाड्या धरणांनीं मिटावयाच्या. कामें एकामागून एक होत गेलीं आणि शेवटीं सर्वांत रुंद व खोल अशा ऊस्टरशेल्ड खाडीची पाळी आली.

येथें मात्र लोक उठले. ऊस्टरशेल्डच्या खाऱ्या पाण्यांत कालवें व शिंपल्या यांची मोठी पैदास. येर्सेके गांवाचा सारा चरितार्थ त्यांवर. मुख मिटलें कीं भरती-ओहोटी बंद, पाणी गोडें, कालवें मेलीं! १९३२ सालीं उत्तरेकडील झायडर झी हा समुद्राचा फांटा असाच मिटला होता आणि तेथील कोळ्यांचें काय झालें हें सर्वांनीं पाहिलें होतें. कोळ्यांच्या जोडीस पक्षी व निसर्ग यांचे चाहते आले. उलट पक्षीं, १९५३ च्या पुरांत ज्यांचीं घरचीं माणसें गेलीं तीं म्हणत, ‘कालवांसाठीं आमच्या लेकरांचा जीव टांगणीस लावतां काय?’ आम्हांस दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें वाटतें. आणि अशा वादांत बहुधा होतें तसें भांडण वर्षानुवर्षें चाललें. १९७६ सालीं तेथील लोकसभेनें मधला मार्ग पत्करला: धरण नको, दारें लावा. एरवीं उघडीं राहतील, वादळांत मिटतील. खर्च अर्थातच कितीतरी वाढला.

आमच्या कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या रायगडांत, खारबंदिस्ती पाहिलेल्या वाचकास ही कल्पना परकी वाटणार नाहीं. खाडीच्या बांधास ठिकठिकाणीं उघाडी ठेवलेली असते. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं त्याच्याच रेट्यानें झडप मिटते, ओहोटी लागली कीं उघडते आणि आंतलें पावसाचें पाणी निघून जातें. तत्त्व हेंच. पण आमची उघाडी हातभर; ऊस्टरशेल्डचें बांधकाम नऊ किलोमीटर, आणि त्यांत दारांचा भाग सुमारें तीन किलोमीटर. ६५ काँक्रीटचे खांब, त्यांतील कित्येकांचें वजन १८,००० टन. त्यांमध्यें ६२ पोलादी दारें, प्रत्येक सुमारें ४२ मीटर रुंद. खाडीचा तळ निव्वळ वाळूचा. त्यावर असा खांब ठेवावा तर प्रवाहानें वाळू उकरली जाऊन तो कलंडावयाचा. म्हणून तळ आधीं धुमसून घट्ट केला आणि त्यावर वाळू-खडी भरलेल्या गाद्या अंथरल्या. एकेक गादी २०० मीटर लांब व ४२ मीटर रुंद! हीं कामें करण्यास खास जहाजें बांधावीं लागलीं. एकानें तळ धुमसावयाचा, दुसऱ्यानें गादी उलगडावयाची, तिसऱ्यानें खांब उचलून आणून तीवर बसवावयाचा. आणि त्यांचीं नांवें शिंपल्यांच्या व कालवांच्या शास्त्रीय नांवांवरून ठेविलीं होतीं. ज्यांच्यासाठीं हा खटाटोप त्यांचें नांव यंत्रांस द्यावें, ही रसिकता आम्हांस फार आवडली. १९८६ च्या ऑक्टोबरच्या ४ तारखेस राणी बिआट्रिक्स यांनीं काम पूर्ण झाल्याचें जाहीर केलें. पाणी ३ मीटरांपर्यंत चढणार असें भाकीत झालें कीं दारें खालीं येतात. तसा प्रसंग वर्षाकाठीं सुमारें एकदां येतो.

इंग्लंडनेंही १९५३ चा धडा घेतला, पण सावकाश. टेम्स नदीवरील दार वापरांत आलें तें १९८२ सालीं. लंडनपर्यंत मोठीं जहाजें जात असल्यामुळें वर पडदा टांगणें सोयीचें नव्हतें. चार्ल्स ड्रेपर या इंजिनियरास युक्ति सुचली ती घरांतील गॅसच्या तोटीवरून! तोटी फिरविली कीं आंतला गोल फिरून वाट उघडते वा मिटते. तशींच टेम्सचीं दारें एरवीं नदीच्या तळाशीं आडवीं निजलेलीं असतात, जहाजें त्यांवरून जातात, आणि वेळ आली कीं फिरून उभीं राहतात. मुख्य चार दारें प्रत्येकीं ६१ मीटर रुंदीचीं आहेत. आमच्या गृहिणी दिवसांतून दहा वेळां जी तोटी फिरवितात तींत लंडनचें रक्षण दडलेलें होतें, आणि तें पाहण्यास एका इंजिनियरची नजर लागली.

रॉटरडॅमची अडचण आणखीच वेगळी. युरोपांतील सर्वांत मोठें बंदर. ३६० मीटर रुंदीचा जलमार्ग. त्यांत खांब नको, वर पूल नको. उपाय निघाला तो दोन पालवांच्या दाराचा. दोन्ही तीरांवर कोरड्या गोद्यांत दोन वक्र दारें ठेवलेलीं. प्रत्येक २१० मीटर लांब व २२ मीटर उंच. गोदींत पाणी सोडलें कीं दार तरंगूं लागतें, नदीच्या मध्यावर येतें, मग पोटांत पाणी घेऊन हळूहळू बुडतें. बुडतां बुडतां खालच्या फटींतून प्रवाह जोरानें धांवतो व तळींचा गाळ धुऊन नेतो, म्हणजे दार बसावयास जागा स्वच्छ. बिजागरीच्या जागीं दहा मीटर व्यासाचा पोलादी गोळा आहे. दार वर-खालीं, पुढें-मागें हलूं शकावें म्हणून मनुष्याच्या खांद्याच्या सांध्यासारखी ही योजना. १९९७ सालीं हें दार तयार झालें. तें केव्हां मिटावयाचें, हें माणूस ठरवीत नाहीं, संगणक ठरवितो. वादळाच्या रात्रीं घाबरलेला वा दमलेला माणूस चुकण्याचा संभव यंत्राच्या चुकीहून अधिक, असा हिशेब निघाला. लाखों जीव यंत्राच्या निर्णयावर सोंपवावे हें ऐकून आमच्यासारख्यांच्या अंगावर कांटा येतो. तरी १९५३ च्या त्या बंद कचेऱ्या आठवल्या म्हणजे बोलती बंद होते. वादळासाठीं तें प्रथम मिटलें २००७ च्या नोव्हेंबरांत; सर्वस्वीं यंत्राच्याच हुकुमानें मिटलें तें २०२३ च्या डिसेंबरच्या २१ तारखेस.

माणसानें निर्णय घेतला तर काय होतें, तें व्हेनिसनें पाहिलें. १९६६ सालीं तेथें पाणी १९४ सेंटिमीटर चढलें होतें. त्यावर उपाय म्हणून खाजणाच्या तीन मुखांत तळाशीं ७८ पोकळ पेट्या बसविल्या. त्यांत हवा भरली कीं त्या बिजागरीवर उठून उभ्या राहतात. काम २००३ सालीं सुरू झालें; मध्यंतरीं लांचलुचपतीचीं प्रकरणें निघालीं, नगराध्यक्षासही अटक झाली, आणि पेट्या प्रथम उभ्या राहिल्या त्या २०२० च्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस. शहरांत आनंदी आनंद झाला. पण त्याच वर्षीं डिसेंबरच्या ८ तारखेस भाकीत सुमारें १२५ सेंटिमीटरांचें होतें व पेट्या उचलण्याची मर्यादा १३० ची होती. म्हणून त्या उचलल्याच नाहींत. पाणी १३८ सेंटिमीटरांवर गेलें आणि सेंट मार्कच्या चौकांत पुन्हां सर्वत्र पाणी झालें. पांच अब्ज युरोंहून अधिक खर्चाचें दार तळाशीं निजून राहिलें होतें!

दोष केवळ चुकीच्या भाकितांत नाहीं. ऊस्टरशेल्डचीं दारें उघडीं असलीं तरी खांबांमुळें प्रवाह मंदावला आहे; वादळाच्या लाटा वाळूचे उंचवटे झिजवितात, पण ती वाळू खोल पाण्यांतून पुन्हां वर आणून टाकण्याइतका जोर भरतींत उरलेला नाहीं. तेथील लोक यास ‘वाळूची भूक’ म्हणतात. ओहोटींत ज्या उंचवट्यांवर पक्षी चरत ते लहान लहान होत चालले. २०१९ सालीं तेथील एका मोठ्या उंचवट्यावर बाहेरून वाळू आणून ओतण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. कालवें वांचलीं, पण पक्ष्यांचें ताट आटूं लागलें.

याहून मोठी चिंता समुद्राच्या वाढत्या पातळीची. दार हें बहुतेक काळ उघडें राहील या भरंवशावर बांधलेलें असतें. समुद्र जसजसा वर येईल तसतसें लहानशा वादळांतही तें मिटावें लागेल. टेम्सचें दार २०१३-१४ च्या एका हिंवाळ्यांत ५० वेळां मिटलें. दार मिटलें कीं जहाजें खोळंबतात, शिवाय मागून येणाऱ्या नदीचें पाणी आंत तुंबतें. ऱ्हाइनला पूर आणि समुद्रांत वादळ, अशी गांठ पडली तर दार मिटूनही शहर बुडावयाचें. म्हणून रॉटरडॅमच्या दारानंतर पुढें काय, नदीस कायमचें धरण घालून जहाजांसाठीं जलपाश ठेवावे, कीं आणखी उंच दारें करावीं, याचा विचार तेथें आतांपासूनच चालला आहे. आणि ही सारी गोष्ट निरुंद मुखाच्या खाडीची व श्रीमंत शहराची. १९७० च्या नोव्हेंबरांत बंगालच्या उपसागरांतील वादळी भरतीनें तेव्हांच्या पूर्व पाकिस्तानांत कांहीं लाख माणसें नेलीं. तेथें नद्यांचीं मुखेंच इतकीं रुंद व चंचल कीं दार लावावें कोठें? त्या देशानें पुढें वादळाची सूचना वेळेवर खेड्यापाड्यांत पोंचविणें आणि उंच आसऱ्याच्या इमारती बांधणें, हा मार्ग धरला. आणि त्यानें दारांइतकेच, किंबहुना अधिकच, जीव वांचविले असावेत असें आम्हांस वाटतें.

रॉटरडॅमचें दार दरसाल हिंवाळ्यापूर्वीं एकदां, बहुधा सप्टेंबरांत, परीक्षेसाठीं मिटवितात. त्या दिवशीं दोन्ही तीरांवर लोक मुलांबाळांसह जमतात. दोन पांढरे पालव तरंगत नदीच्या मध्यावर येतात, एकमेकांस टेकतात, आणि बुडूं लागतात. कांहीं तासांनीं पुन्हां वर येऊन आपापल्या गोदींत परततात, व खोळंबलेलीं जहाजें समुद्राकडे निघतात.